उडवू का?

दिवाळी सरते, पहाटे अंगावर शाल घ्यावीशी वाटू लागते, आणि आपल्या भागातील पाण्यावर पाहुणे उतरू लागतात. तेरजवळचा तेरणा प्रकल्प, सोलापूरचा हिप्परगा तलाव, पैठणचा नाथसागर, भिगवणजवळचा उजनी धरणाचा फुगवटा अशा ठिकाणी बदके, करकोचे, तुतवार, सुरय यांची वर्दळ सुरू होते. त्यांच्यामागोमाग माणसांचीही होते. पूर्वी गळ्यात दुर्बीण अडकवून हिंडणारा माणूस गावात एखादाच असे आणि लोक त्याच्याकडे जरा गमतीनेच पाहत. आता तसे राहिलेले नाही. येडशी-धाराशिव परिसरातील तरुण मुले, शिक्षक, नोकरदार कुटुंबे सुटीच्या दिवशी पहाटेच गाडी काढून बार्शी, कुर्डुवाडी, टेंभुर्णी, इंदापूर या वाटेने भिगवण गाठतात. आपल्या धर्मग्रामातीलही काही जण त्यांत आहेत. त्यांनी काढलेली छायाचित्रे मिस्सेनंतर चर्चच्या अंगणात मोबाइलवर सर्वांना दाखवली जातात. ती पाहताना मन प्रसन्न होते, यात शंका नाही.

आम्हीही अशा सहलींना जात असतो. त्यामुळे आज जे लिहीत आहोत ते या छंदाविरुद्ध नाही. परंतु या सहलींमध्ये एक लहानसा प्रश्न वारंवार कानावर पडतो आणि तो दिसतो तितका लहान नाही, असे आम्हांला वाटते. तो प्रश्न आपल्यासमोर ठेवावा आणि त्यावर सर्वांनी मिळून विचार करावा, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

पंखांतील आग

उजनीच्या उथळ पाण्यात उभे असलेले रोहित पक्षी प्रथमच पाहणाऱ्या माणसाची थोडी निराशाच होते. चित्रात गुलाबी पाहिलेला पक्षी प्रत्यक्षात पांढुरका दिसतो. गुलाबी छटा असते, पण फिकट. त्याच्या पंखांतील लालभडक पिसे आणि त्यांची काळीभोर कड ही पंख मिटलेले असताना जवळजवळ झाकून जातात. पक्षी उडाला की ती एकदम उलगडतात. मराठीत त्याला अग्निपंख असेही नाव आहे, ते यामुळेच. शे-दोनशे रोहित एकाच वेळी उडाले की पाण्यावर जणू जाळ उठतो. हे दृश्य ज्याने पाहिले तो ते विसरत नाही, आणि ज्याच्या हातात कॅमेरा आहे त्याला ते टिपल्याशिवाय चैन पडत नाही.

नावाड्याला हे पुरते ठाऊक असते. थव्याच्या जवळ आल्यावर तो नाव हळू करतो, पाहुण्यांकडे वळतो आणि अदबीने विचारतो, "साहेब, उडवू का?"

बहुतेक वेळा उत्तर "उडवा" असेच येते. कधी कोणी उत्तरच देत नाही. नुसता कॅमेरा डोळ्याला लावतो आणि नावाडी काय समजायचे ते समजतो. नाव थव्याच्या रोखाने जाते, पक्षी उठतात, पाच-पन्नास छायाचित्रे निघतात आणि सारे खूश होऊन किनाऱ्याला येतात. कुणाला इजा झाली नाही, कुणाचे काही चोरले नाही, कुणाला शिवी दिली नाही. मग यात नैतिक प्रश्न आला कुठून?

जटायूच्या गावात

आपण येडशीच्या परिसरातील माणसे. पक्षी ही गोष्ट आपल्याला परकी नाही. बालाघाटाच्या डोंगरात, गावाला लागूनच रामलिंगचे रान आहे. १९९७ साली शासनाने सुमारे २२ चौरस किलोमीटरच्या या क्षेत्राला अभयारण्याचा दर्जा दिला. तिथल्या देवस्थानाविषयी आपल्या हिंदू बांधवांची अशी श्रद्धा आहे की सीतेला नेणाऱ्या रावणाशी जटायू इथेच झुंजला आणि घायाळ होऊन पडला, आणि रामाने बाण मारून त्याच्यासाठी जमिनीतून पाणी काढले. जटायूची समाधीही तिथे दाखवतात. आपली उपासना वेगळी आहे, तरी ही कथा ऐकतच आपण लहानाचे मोठे झालो. मरणाऱ्या पक्ष्याला पाणी पाजणे हे मोठ्यातल्या मोठ्या माणसाला शोभणारे काम आहे, हा त्या कथेचा संस्कार या मातीत मुरलेला आहे.

मग त्याच मातीतील माणूस पाण्यावर खात असलेल्या पक्ष्याला केवळ आपल्या चित्रासाठी उडवतो, तेव्हा त्याला त्यात काही खटकत का नाही? आम्हांला वाटते, याचे एक कारण असे की कॅमेरा हे निरुपद्रवी हत्यार आहे, असे आपण सगळेच मानत आलो.

बंदूक गेली, कॅमेरा आला

असे मानायला चांगला आधारही आहे. एके काळी पाणथळ जागी लोक जात ते बंदूक घेऊन. १९३८ साली नोव्हेंबर महिन्यात राजस्थानातील भरतपूरच्या पाणथळीवर व्हाइसरॉय लॉर्ड लिनलिथगो यांच्यासाठी शिकारीचा बेत झाला. त्या एका दिवसात ४,२७३ पक्षी मारले गेले, आणि त्या आकड्याचा अभिमान वाटून तो तिथल्या दगडावर कोरला गेला. पक्ष्यांचा शास्त्रीय अभ्याससुद्धा तेव्हा बंदुकीनेच होत असे. थोर पक्षितज्ज्ञ डॉ. सालिम अली यांची कहाणीही अशीच सुरू होते. मुंबईत लहानपणी त्यांनी छर्‍याच्या बंदुकीने एक चिमणी मारली. तिच्या गळ्यावर पिवळा ठिपका दिसला, म्हणून ती कोणती हे विचारायला ते बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत गेले, आणि तिथून त्यांच्या आयुष्याला वळण लागले. १९८५ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या आत्मचरित्राला त्यांनी त्या पडलेल्या चिमणीचेच नाव दिले.

बंदुकीच्या जागी दुर्बीण आणि कॅमेरा आला, ही फार मोठी सुधारणा आहे. आपल्या शेजारच्या सोलापुरात जन्मलेले मारुती चितमपल्ली यांनी वनखात्यात नोकरी करता करता पक्ष्यांवर मराठीत इतके लिहिले की कितीतरी लोकांना पहिल्यांदा आपल्याच भाषेत पक्षी कळले. २०२५ च्या जून महिन्यात ते निवर्तले. त्यांचा जन्मदिन ५ नोव्हेंबर आणि सालिम अलींचा जन्मदिन १२ नोव्हेंबर; या दोन तारखांच्या मधला आठवडा महाराष्ट्रात पक्षी सप्ताह म्हणून पाळला जातो. पक्ष्यांविषयी आज जे प्रेम दिसते त्यात छायाचित्रांचा वाटा मोठा आहे, हेही मान्य केले पाहिजे.

तरीदेखील आपली भाषा आपल्याला एक गोष्ट सुचवते. पक्षी दिसला की जुने पक्षिमित्र म्हणतात, "आज कैकराने दर्शन दिले." दर्शन देणारा तो, घेणारे आपण. त्याने दिले नाही तर आपण हात जोडून परत यायचे. छायाचित्राबद्दल मात्र आपण म्हणतो, "फोटो काढला." विहिरीतून पाणी काढावे, जमिनीतून मुरूम काढावा, तसा काढला. काढण्यात वाईट असे काही नाही; पाणीही आपण काढतोच. पण काढताना ज्याच्यातून काढतो त्याचे काय होते, हे पाहण्याची जबाबदारी काढणाऱ्यावर येते.

एकदाच तर उडवतो

उडवण्याने पक्ष्याचे काय होते? रोहित पक्षी मान खाली घालून, चोच पाण्यात उलटी करून चिखलपाणी गाळतो आणि त्यातील शेवाळ व बारीक जीव खातो. हे खाणे कणाकणाने होते, म्हणून पोट भरायला त्याला तासन्‌तास गाळावे लागते. उडायचे तर ते जड शरीर उचलण्यासाठी आधी पाण्यावरून धावत जावे लागते. म्हणजे एकदा उडवले की खाण्याचा वेळ गेला आणि जे खाल्ले होते त्यातलेही खर्च झाले. पट्टकदंब हा पक्षी तर हिमालय ओलांडून आपल्याकडे येतो. सात हजार मीटरहून अधिक उंचीवर उडताना त्याची नोंद झालेली आहे. इथल्या पाण्यावर तो परतीच्या प्रवासाची शिदोरी अंगावर साठवत असतो. ती आपण थोडी थोडी सांडून टाकतो.

यावर कोणी म्हणेल, पक्षी तर उडतच असतात. आम्ही एकदाच उडवले, त्याने काय बिघडते? एका नावेपुरते पाहिले तर हे खरे वाटते. पण समजा, एका सकाळी दहा नावा गेल्या आणि प्रत्येकीने एकदाच उडवले. प्रत्येक नावेतील माणूस म्हणेल, मी एकदाच उडवले. पक्ष्याला मात्र दहा वेळा उडावे लागले. जगातील पुष्कळशी पापे अशीच वाटून घेतलेली असतात. प्रत्येकाच्या वाट्याला इतके थोडे येते की कोणाच्याच मनाला टोचत नाही.

आपल्या धाराशिवकरांना हे अधिक समजायला हवे. दुष्काळात टँकर आला की घागरी घेऊन रांगेत उभे राहणे काय असते, हे आपल्या आयाबहिणींनी भोगले आहे. २०१६ साली लातूरला रेल्वेने पाणी आणावे लागले, ते दिवस फार जुने नाहीत. नंबर जवळ आला असताना कोणी आपल्याला त्या रांगेतून उठवले, आणि तेही आपण उठून पळताना चांगले दिसतो म्हणून, तर काय वाटेल? उन्हाळ्याकडे तळी आटत जातात तसे पक्षी उरलेल्या पाण्याभोवती गोळा होतात. त्या वेळी त्यांना उडवले तर दुसरीकडे जायला त्यांच्यापाशी जागा थोडीच उरलेली असते.

घरट्यापाशी

पाण्यावरच्या थव्यापेक्षाही नाजूक गोष्ट घरट्याची. टिटवी आपल्या सर्वांच्या ओळखीची. तिने अंडी उंचावर घातली की पाऊस चांगला, असा ठोकताळा आपले शेतकरी बांधतात. टिटवी, नदी सुरय, शेकाट्या हे पक्षी झाडावर घरटे करत नाहीत. उघड्या माळावर, तळ्याच्या काठावर, पाणी उतरल्यावर वर आलेल्या बेटांवर मातीसारख्याच रंगाची अंडी घालतात. आपल्याकडचे चैत्र-वैशाखातले ऊन ठाऊकच आहे. त्या उन्हात टिटवी अंड्यांवर बसते ती ऊब देण्यापेक्षा सावली देण्यासाठी. मधूनच पाण्यावर जाऊन पोटाची पिसे भिजवून येते आणि अंडी गार ठेवते. अशा वेळी कोणी जवळून छायाचित्र हवे म्हणून घरट्यापाशी ठाण मांडले, तर ती उठून ओरडत आकाशात फिरत राहते. खाली अंडी तापतात. कावळे तर टिटवी कुठून उठली हे पाहूनच असतात. माणूस अर्ध्या तासाने चित्र घेऊन जातो. त्याने काहीच केलेले नसते, आणि तरी सारे होऊन गेलेले असते.

पवित्र शास्त्रात अनुवाद ग्रंथाच्या बाविसाव्या अध्यायात घरट्याविषयी एक छोटा नियम आहे. वाटेत पक्ष्याचे घरटे सापडले आणि आई पिलांवर किंवा अंड्यांवर बसलेली असली, तर पिलांसह आईलाही धरू नये, तिला जाऊ द्यावे, असे तो सांगतो. हा नियम पाळणाऱ्याचे भले होईल व तो दीर्घायुषी होईल, असे अभिवचन त्याला जोडलेले आहे. आईबापांचा मान राखण्याच्या चौथ्या आज्ञेलाही हेच अभिवचन आहे. एका पाखराच्या घरट्याला आणि आपल्या आईबापांना एकाच तोलाचे वचन! भुकेल्या माणसाला अन्न घेण्याची मुभा देतानाही परमेश्वराने हाताला मर्यादा घातली. आपण तर भुकेलेही नसतो. आपल्याला फक्त चित्र हवे असते.

आपल्या देशाचा कायदाही या बाबतीत पुष्कळांना वाटतो त्यापेक्षा कडक आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात शिकार या शब्दाची व्याख्या दिली आहे. मारणे, पकडणे यांच्याबरोबरच जनावरांना हाकणे आणि पक्ष्यांच्या अंड्यांना किंवा घरट्यांना त्रास देणे हेही तिच्यात येते. म्हणजे घरट्यासमोरच्या फांद्या बाजूला बांधून चित्र स्पष्ट करून घेणारा माणूस स्वतःला निसर्गप्रेमी म्हणवत असला, तरी कायद्याच्या भाषेत त्याला दुसरे नाव आहे.

आपल्या जवळचे तेर हे संत गोरोबाकाकांचे गाव. विठ्ठलाच्या नामात रंगून चिखल तुडवत असताना पायाखाली आपलेच लेकरू आले, हे त्यांना कळले नाही, ही कथा घरोघर माहीत आहे. छायाचित्रकाराची तल्लीनताही काही वेळा अशीच असते. डोळा चौकटीत, श्वास रोखलेला, आणि पाय कुठे पडतो आहे याचे भान नाही. गोरोबाकाकांचे लेकरू देवाने परत दिले, असे कथा सांगते. टिटवीची अंडी परत मिळत नाहीत. तल्लीन होणे चांगले. पण तल्लीन माणसाने आधी पायाखालची जमीन तपासलेली असावी.

नावाड्याचे पोट

काही जण दोष नावाड्यावर टाकतात. उडवतो तर तोच ना, असे म्हणतात. हे आम्हांला न्यायाचे वाटत नाही. १९८० साली उजनी धरण पुरे झाले, तेव्हा भीमेकाठची गावे आणि शेते पाण्याखाली गेली. त्या पाण्याच्या काठी राहणाऱ्या कितीतरी घरांचे पोट मासेमारीवर चालते, आणि हिवाळ्यात पक्षी दाखवण्याचे चार पैसे मिळाले तर मुलांच्या फीची सोय होते. नावाडी प्रश्न विचारतो, कारण आजवरच्या पाहुण्यांनी त्याला तो शिकवला. थवा उडवला तर बक्षिसी मिळते, शांत बसवले तर पाहुणा कुरकुरतो, हे त्याने पाहिलेले आहे. हुकूम आपला आणि हात त्याचा, असा हा प्रकार आहे. कुणाच्या गरजेचा फायदा घेऊन त्याच्याकरवी चूक करवून घेणे आणि मग चूक त्याची म्हणणे, यात आपली चूक दुप्पट होते.

याच ठिकाणी दुसऱ्या बाजूचाही विचार करू या. आपल्यातील काही वडीलधारी मंडळी विचारतात, "गावात माणसांचे हाल असताना पाखरांचे कसले कौतुक घेऊन बसलात?" हा प्रश्न उडवून लावण्यासारखा नाही. ख्रिस्तसभेच्या धर्मशिक्षणग्रंथात कलम २४१८ मध्ये दोन्ही गोष्टी शेजारी शेजारी सांगितल्या आहेत. प्राण्यांना विनाकारण यातना देणे माणसाच्या प्रतिष्ठेला शोभत नाही; आणि माणसांचे दुःख दूर करण्यासाठी आधी लागायला हवा तो पैसा प्राण्यांवर खर्च करणेही योग्य नाही. आता पाहा, पक्ष्याला न उडवण्यासाठी एक पैसाही लागत नाही. खर्च होतो तो लाखाच्या घरातल्या भिंगावर. एवढे महाग भिंग घेतलेला माणूस नावाड्याशी पन्नास रुपयांसाठी घासाघीस करतो, तेव्हा पक्ष्यावर आणि माणसावर एकदमच अन्याय होतो. पाखरांची आस्था आणि माणसांची आस्था या एकमेकींच्या सवती नाहीत. ज्याला समोरच्याची अडचण दिसत नाही त्याला दोघांचीही दिसत नाही.

न दिसणारे नुकसान

आणखी एक युक्तिवाद केला जातो, आणि तो सर्वांत वजनदार आहे. सुंदर छायाचित्र पाहून शेकडो लोकांना पक्ष्यांविषयी प्रेम वाटू लागते, त्यातून तळी वाचतात. मग एका थव्याला थोडा त्रास झाला तर तो सत्कारणी लागला असे का म्हणू नये? छायाचित्रांचे हे उपकार आम्ही वर मान्य केलेच आहेत. परंतु चांगले व्हावे म्हणून वाईट करावे, हा मार्ग संत पौलाने रोमकरांस लिहिलेल्या पत्रातच बंद केलेला आहे. शिवाय इथे दुसरा मार्ग उघडा आहे. रोहित पक्षी दिवसातून कितीतरी वेळा आपणहून पंख ताणतात, जागा बदलतात, सकाळ-संध्याकाळ उडतात. थांबलेल्या माणसाला तीच आग पाहायला मिळते. प्रश्न उरतो तो आपल्या घाईचा. संध्याकाळच्या आत घरी पोहोचून रात्रीच चित्र सर्वांना पाठवायचे असते, आणि त्या घाईची किंमत पक्ष्याकडून वसूल केली जाते.

या सगळ्यात आम्हांला सर्वांत विचार करायला लावते ती गोष्ट वेगळीच आहे. उडवून काढलेले चित्र आणि वाट पाहून मिळालेले चित्र शेजारी ठेवले, तर पाहणाऱ्याला फरक ओळखता येईलच असे नाही. दोन्ही सुंदर. दोन्हींना सारखीच वाहवा. पक्षी तक्रार करायला येणार नाही, नावाडी कुणाला सांगणार नाही, आणि अंडी तापली की नाही हे पाहायला आपण थांबलेलोच नसतो. म्हणजे हे असे नुकसान आहे की ज्याला साक्षीदार नाही, फिर्यादी नाही आणि ज्याची आपल्याला शिक्षाही नाही. माणूस चांगला आहे की नाही, हे अशाच जागी ठरते. चारचौघांत आपण सगळे सभ्य असतो.

प्रभू येशूने चिमण्यांचा दाखला दिला, तो आपण पुष्कळदा ऐकला आहे. मत्तयच्या शुभवर्तमानात एका नाण्याला दोन चिमण्या विकल्या जातात. लूकच्या शुभवर्तमानात दोन नाण्यांना पाच. हिशेब केला तर दोन नाण्यांना चार व्हायला हव्यात. पाचवी वर फुकट घातलेली आहे, भाजीवाली मूठभर कोथिंबीर घालते तशी. बाजारात त्या पाचव्या चिमणीची किंमत शून्य. आणि प्रभू सांगतो की त्यांपैकी एकीचाही देवाला विसर पडत नाही. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ साली 'लाउदातो सी' या पत्रात हाच विचार पुढे नेला: प्रत्येक जीव माणसाच्या उपयोगाचा आहे म्हणून मोलाचा ठरत नाही, त्याचे स्वतःचे मोल देवापुढे आहे. ज्या नुकसानाला साक्षीदार नाही असे आपण समजतो, तिथे एक साक्षीदार असतोच, एवढे श्रद्धावंताने तरी विसरू नये.

मग काय करावे?

कॅमेरे घरी ठेवावेत, असे आम्ही म्हणत नाही. एक साधी कसोटी मात्र सुचवाविशी वाटते. आपण पोहोचलो तेव्हा पक्षी जे करत होता, तेच तो आपण निघताना करत आहे काय? तसे असेल तर आपले पाहणे निर्मळ होते. पक्षी मुका आहे, हे तितकेसे खरे नाही. तो आधी खाणे थांबवतो, मग मान वर करतो, मग एक-दोन पावले दूर सरकतो. ही त्याची भाषा आहे, आणि ती शिकायला पुस्तक लागत नाही. मान वर झाली की आपण तिथेच थांबावे. पावले सरकली की आपण मागे यावे.

नावेत बसण्याआधीच नावाडीदादांना सांगावे की आम्हांला थवा उडवायचा नाही, आणि त्यांची मजुरी व बक्षिसी उडवणाऱ्या पाहुण्यापेक्षा थोडी अधिकच द्यावी. चार कुटुंबांनी असे केले तर उद्या ते स्वतःच दुसऱ्यांना सांगतील. मोबाइलवर पक्ष्याचा आवाज लावून त्याला बाहेर बोलावू नये. आपल्या हद्दीत दुसरा नर घुसला असे वाटून तो खाणे सोडून धावत येतो. घरटे दिसले तर पाहून दूर व्हावे, आणि ते कुठे आहे हे गटागटांत पाठवू नये. रामलिंगच्या रानात पावसाळ्यात गर्दी होते, तिथेही हेच लागू आहे.

रोहित उजनीवर असतात त्याच दिवसांत बहुधा आपला उपवासकाळ येतो. जिभेचा उपवास आपण करतो. या वर्षी एखादा उपवास डोळ्यांचाही करून पाहावा: जे चित्र दुसऱ्याला त्रास देऊनच मिळेल ते घ्यायचे नाही, एवढाच. देवाने दिलेले पाहण्याचे सुख त्याने कमी होत नाही. उलट कॅमेरा खाली ठेवल्यावर पक्षी काय करतो आहे हे दिसू लागते, असा आमचा अनुभव आहे.

या हिवाळ्यात सहलीला जाणाऱ्या मुलामुलींना आमची एक विनंती आहे. प्रत्येकाने कोणताही एक पक्षी निवडावा, अगदी साधी टिटवी किंवा बगळा चालेल, आणि पंधरा मिनिटे त्याला न उठवता पाहावे. त्याने काय खाल्ले, कुठे पाहिले, कुणाला भ्याला, हे चार-सहा ओळींत लिहून आणावे. छायाचित्र असलेच तर सोबत द्यावे, नसले तरी हरकत नाही. पुढील अंकांमध्ये त्या ओळींना आम्ही आनंदाने जागा देऊ.